पेपरवाल्याच्या मागोमाग टेक्सास: फोर्ट वर्थ ते बिग बेंड

पहिला दिवस: फोर्ट वर्थ

भाचा फ्रिस्कोला असतो, डॅलसच्या वरच्या अंगाला. आलेल्या पाहुण्यांना तो जे जे दाखवतो ते सगळं मलाही दाखवायला तयार होता, पण मी निघायच्या आधीच फोनवर सांगून ठेवलेलं की मला अमॉन कार्टर बघायचाय. त्याला वाटलं मावशीला स्टेडियम बघायचंय, कारण टीसीयू युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल स्टेडियमला त्याचं नाव आहे. मला माहीत होता तो पेपरवाला. मी जिल्ह्याच्या एका दैनिकात जाहिरात विभागात निवृत्तीपर्यंत काम केलंय, त्यामुळे जाहिराती विकता विकता पेपरचा मालक झालेला, मग तेलात पैसा घातलेला आणि तेलातून आलेला पैसा लोकांसाठी ठेवून गेलेला माणूस म्हटल्यावर त्याचं गाव बघितल्याशिवाय मी काही परत जाणार नव्हते.

सकाळी सकाळी निघालो. भाचेसुनेने दशम्या, लसणाची चटणी आणि दही-मिरच्या असा डबा दिला. मार्च महिना, हवा गार, ऊन मात्र चांगलंच लागत होतं.

पहिला थांबा अमॉन कार्टर म्युझियम ऑफ अमेरिकन आर्ट. १९५५ मध्ये कार्टर गेला आणि त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे हे म्युझियम १९६१ च्या जानेवारीत उघडलं. तिकीट नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. इमारत आर्किटेक्ट फिलिप जॉन्सनची, पुढे पाच कमानी आणि दगड टेक्सासचाच. हा दगड जवळ जाऊन बघाच, त्यात शिंपल्यांचे ठसेच ठसे आहेत, बोट फिरवलं की खडबडीत खळगे लागतात. समुद्र इथून शेकडो मैल लांब आणि भिंतीत शिंपले. कमानीखाली उभं राहिलं की समोर पूर्वेला फोर्ट वर्थचं डाऊनटाऊन दिसतं, म्हणजे कार्टरचं बहुतेक आयुष्य जिथे गेलं ते शहर बरोबर नजरेसमोर.

आत रेमिंग्टन आणि रसेल, घोडेस्वारांच्या जुन्या पश्चिम अमेरिकेची चित्रं काढणारे दोन चित्रकार. या दोघांची मिळून साधारण चारशे चित्रं आणि शिल्पं कार्टरने जमवलेली, सुरुवात १९३५ मध्ये, जिवलग मित्र आणि विनोदी नट विल रॉजर्सच्या नादाने. रेमिंग्टनचं १८८९ चं 'अ डॅश फॉर द टिंबर' समोर आलं आणि मी तिथेच खिळले. घोडेस्वार सरळ आपल्या अंगावर येतायत, टापा जमिनीवर टेकतच नाहीयेत, खाली धूळ आणि घोड्यांच्या नाकपुड्या फुललेल्या. तिथे एक माहिती सांगणाऱ्या बाई होत्या, निवृत्त शिक्षिका, आम्ही भारतातून आलोय कळल्यावर त्यांनी सोडलंच नाही. त्यांनी सांगितलं की रसेलची बरीचशी चित्रं आधी मोंटानामधल्या मिंट नावाच्या दारूच्या गुत्त्यात भिंतीवर टांगलेली होती, कार्टरने १९५२ मध्ये तो अख्खा संग्रहच विकत घेतला. गुत्त्याच्या भिंतीवरून निघून फुकट म्युझियममध्ये, चित्रांचं नशीब असंही असतं.

चित्रकार थॉमस ईकिन्सचं 'स्विमिंग' पण इथेच आहे. त्याची हकीकत अशी की २१ नोव्हेंबर १९६३ ला राष्ट्राध्यक्ष केनेडी नवराबायको फोर्ट वर्थच्या हॉटेल टेक्सासमध्ये उतरले, तेव्हा गावातल्या लोकांनी त्यांच्या खोल्यांमध्ये खरीखुरी चित्रं आणून लावली होती, हे चित्र त्यातलंच. हे घडवून आणणाऱ्यांत कार्टरची मुलगी रूथ पुढे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी केनेडींनी रूथला फोन करून आभार मानले, आणि मग ते डॅलसला गेले, तिथेच त्यांना गोळ्या घातल्या. बाई हे सांगताना आवाज खाली आणून बोलत होत्या, साठ वर्षं झाली तरी.

शेजारीच किंबेल म्युझियम आहे, लुई कानचं. आपल्याकडे अहमदाबादचं आयआयएम ज्याने बांधलं तोच. वेळ असेल तर चुकवू नका, छतातून उजेड कसा उतरतो ते बघण्यासारखं आहे.

(टीप: कार्टर म्युझियम सोमवारी बंद. किंबेलचं कायमचं दालन पण फुकट आहे. दोन्ही चालत होतात, गाडी एकदाच लावा.)

आता थोडं कार्टरबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. जन्म १८७९, वाइज काउंटीतल्या क्राफ्टन या खेडेगावात, लाकडी ओंडक्यांच्या घरात. आई लहानपणीच गेली, पोरगा घर सोडून बोवी नावाच्या गावी आला आणि मिळेल ते काम करायला लागला. मोठा झाल्यावर गावोगाव फिरून फोटो मोठे करून देणाऱ्या कंपनीचा माल विकला, मग सॅन फ्रान्सिस्कोत जाहिरातीचं काम केलं, १९०५ ला फोर्ट वर्थला आला. १९०६ ला 'फोर्ट वर्थ स्टार' सुरू झाला, कार्टर जाहिरात मॅनेजर. पेपर तोट्यात. आता बघा, तोट्यातला पेपर चालवणारे लोक एकतर बंद करतात नाहीतर विकतात, यांनी काय केलं तर उसनेपासने करून गावातला मोठा पेपर 'टेलिग्राम'च विकत घेतला! १ जानेवारी १९०९ पासून 'स्टार-टेलिग्राम'. जाहिरात विभागात काम केलेल्या माणसाला विचारा हे किती धाडसाचं आहे ते. महिनाअखेरीला बिलं वसूल होत नाहीत तेव्हा कागदवाल्याचा फोन उचलायची पण भीती वाटते.

डाऊनटाऊनमध्ये सेव्हन्थ स्ट्रीटवर पेपरची १९२१ सालची जुनी इमारत आहे, बाहेरून बघितली. पेपर कधीच तिथून हललाय, घराण्याने तो १९७४ लाच विकला. मी उगाच फुटपाथवर थोडा वेळ उभी राहिले. छपाईची यंत्रं चालू असतील तेव्हा पायाखाली जमीन थरथरत असणार.

दुपारी स्टॉकयार्ड्स, म्हणजे गावातला जुना गुरांचा बाजार. लांब शिंगांच्या बैलांची मिरवणूक साडेअकराला आणि चारला निघते, आम्ही चारची गाठली. पोरंटोरं खूश होती. मला त्यापेक्षा नंतरचं मेक्सिकन जेवण लक्षात राहिलं, गरम टॉर्टिया, परतलेल्या ढोबळ्या मिरच्या, आणि आमची लसणाची चटणी बाहेर काढल्यावर वाढणाऱ्या पोराने चव बघून आतून अजून दोघांना बोलावून आणलं.

दुसरा दिवस: बोवी, आणि मग पश्चिमेला

फोर्ट वर्थपासून २८७ नंबरच्या रस्त्याने बोवी तासा-सव्वातासावर. गावाबाहेर एक अवाढव्य सुरा उभा केलाय, बोवी नाइफ, लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. मला रेल्वेचे रूळ बघायचे होते. इथेच लहान अमॉन गाडी थांबली की खिडक्यांशी धावत जाऊन चिकन-ब्रेड विकायचा. गाव त्या पोरांना विसरलेलं नाही, बोवीत 'चिकन अँड ब्रेड डेज' नावाची जत्रा भरते. कर्जतच्या स्टेशनवर वडेवाले बघितलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको, गाडी किती मिनिटं थांबते आणि कोणत्या डब्यातली माणसं पैसे देतात हे त्या पोरांइतकं कुणालाच कळत नाही. माझं तर मत असं की त्याची खरी शाळा हीच.

बोवीच्या एका छोट्या हॉटेलात फ्राइड चिकन आणि पीकन पाय खाल्ला. वाढणाऱ्या बाईंना अमॉन कार्टरबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "लेक ना? वीकेंडला गर्दी असते." गावाच्या तलावाला पण त्याचं नाव आहे.

विचिटा फॉल्सहून ८२ नंबरचा रस्ता धरला आणि झाडं संपली. लाल माती, काटेरी तारा, क्षितिजापर्यंत कुरण. गथ्री नावाचं गाव लागलं, गाव कसलं, मोजकी घरं आणि कोर्टाची इमारत. मग वारा सुटला. लबकच्या आधी साधारण तासभर समोर तपकिरी भिंतच उभी राहिली, दिवे लावून गाड्या कासवाच्या गतीने चाललेल्या, आणि गाडीच्या काचा बंद असूनही दातात माती यायला लागली. भाचा म्हणाला इथे मार्च-एप्रिलमध्ये हे नेहमीचं आहे.

लबकला मोटेल चालवणारं कुटुंब नवसारीकडचं निघालं. आमचे धुळीने माखलेले चेहरे बघून काकींनी चावी द्यायच्या आधी आल्याचा चहा दिला. त्यांचे सासरे इकडे आले तेव्हा या रस्त्यावर हे एकच मोटेल होतं म्हणे. रात्री नऊपर्यंत गप्पा, खाखरा, छुंदा.

(टीप: धुळीचं वादळ फारच दाट झालं तर गाडी रस्त्याच्या पार बाहेर घ्या, सगळे दिवे बंद करा आणि पाय ब्रेकवरून काढा, नाहीतर मागचा तुमच्या दिव्यांच्या मागे येऊन धडकतो. मोटेलच्या भिंतीवर ही सूचनाच लावली होती.)

तिसरा दिवस: लबक, ब्राउनफील्ड, डेन्व्हर सिटी

सकाळी आभाळ असं निळं की काल काही झालंच नव्हतं. टेक्सास टेक युनिव्हर्सिटीत गेलो. १९२३ मध्ये ही युनिव्हर्सिटी मंजूर झाली तेव्हा पहिल्या बोर्डाचा अध्यक्ष कार्टर. पश्चिम टेक्सासच्या पोरांना स्वतःचं कॉलेज हवं म्हणून त्याच्या पेपरने लावून धरलं होतं. आवारात विल रॉजर्सचा घोड्यावरचा पुतळा आहे, कार्टरने दिलेला, १९५० सालचा. रॉजर्स १९३५ मध्ये अलास्कात विमान अपघातात गेला, त्यानंतर कार्टरने मित्राचं नाव जिथे जिथे लावता येईल तिथे लावलं, फोर्ट वर्थच्या सभागृहालासुद्धा. मॅच असली की पोरं या पुतळ्याला लाल कागद गुंडाळतात. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, या कॉलेजात काळ्या विद्यार्थ्यांना १९६१ पर्यंत प्रवेश नव्हता. पेपर ज्या पोरांसाठी भांडला त्यात ती पोरं नव्हती.

ब्राउनफील्डला कॉफीसाठी थांबलो. सगळीकडे कापसाची शेतं, मार्चमध्ये नुसती नांगरलेली. शेजारच्या टेबलावर ऐंशीच्या पुढचे एक आजोबा होते, टोपी बाजूच्या खुर्चीवर काढून ठेवलेली. मी स्टार-टेलिग्रामचं नाव काढलं आणि त्यांनी खुर्चीच आमच्याकडे वळवली. लहानपणी ते हा पेपर टाकायचे. फोर्ट वर्थ इथून तीनशे मैलांच्या आसपास, तरी पेपर तिथलाच. वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून जिनिंगमधून आणलेल्या सुतळीने ते घडी बांधायचे, आणि सुतळी लोकांनी परत द्यायची असा नियम होता. वडील आधी कापसाचा भाव बघायचे, आई पावसाचा रकाना. "डॅलसचा पेपर यायचा का?" विचारलं तर म्हणाले, "डॅलसला कशाला माहीत असतो आमचा पाऊस?"

हे वाक्य ऐकलं आणि मला सगळा माणूस कळला असं वाटलं. १९२३ पासून दुसरं महायुद्ध संपेपर्यंत अमेरिकेच्या दक्षिण भागात सगळ्यात जास्त खपाचा पेपर हाच होता, फोर्ट वर्थ तेव्हा काही एवढं मोठं शहर नव्हतं. खप आला तो असल्या गावांतून. आणि पुढे कार्टरने जे जे दिलं, जिथे जिथे ताकद लावली, त्याचा नकाशा काढला तर तो पेपरच्या खपाच्या नकाशावर जवळपास बसतो. म्युझियम फोर्ट वर्थला, कॉलेज लबकला, आणि बिग बेंडचं नॅशनल पार्क पार खाली मेक्सिकोच्या सीमेवर.

तेलही याच नकाशावर सापडलं. डेन्व्हर सिटीच्या आजूबाजूला वॉसन फील्ड हे तेलक्षेत्र आहे, योकम आणि गेन्स काउंटीच्या हद्दीवर. कार्टर बरीच वर्षं विहिरींमध्ये पैसे घालत होता आणि विहिरी कोरड्या निघत होत्या. पहिलं तेल लागलं १९३५ ला न्यू मेक्सिकोत, आणि मोठं घबाड १९३७ ला इथे वॉसनमध्ये. आपल्याकडे जमिनीखालचं तेल सरकारचं, तिथे ते जमीनमालकाचं. मालक लीज देतो, वर ठरलेली रॉयल्टी घेतो, आणि विहीर खणायचा खर्च भागीदार मिळून घालतात. लागलं तर सगळ्यांचं, नाही लागलं तर घातलेले पैसे मातीत. १९४७ मध्ये त्याने वॉसनमधला आपला हिस्सा शेल कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलरला विकला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९४५ ला, त्याने आणि घरच्यांनी लोकांच्या कामासाठी फाउंडेशन काढलेलं होतं, तेलाचा पैसा तिकडे वळला. म्हणजे आधी भांडं मांडलं आणि मग दूध आलं.

डेन्व्हर सिटीच्या बाहेर पंपजॅक, म्हणजे विहिरीतून तेल उपसणारे पंप, मान खालीवर करत शेतात उभे आहेत, शेकड्यांनी. एका कच्च्या रस्त्यावर फोटोसाठी वळलो आणि टायरमध्ये खिळा. उतरून बघतोय तोवर एक पिकअप थांबला. आतला माणूस पंपर, म्हणजे रोज फिरून विहिरी तपासणारा. त्याने पहिल्यांदा टायरकडे नाही, लांबच्या खांबावरच्या वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशवीकडे बघितलं, मग आम्हाला गाडीच्या या बाजूला यायला सांगितलं. त्याच्या खिशाला पिवळी डबी लावलेली, हायड्रोजन सल्फाइड मोजणारी. हा गॅस सडक्या अंड्यासारखा वास मारतो, पण जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणून विहिरीवरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला उभं राहायचं नाही. १९७५ मध्ये याच गावाजवळ गळती होऊन नऊ माणसं गेली. टायरला प्लग मारून हवा भरून होईपर्यंत त्याने हेही सांगितलं की आता नुसतं उपसून तेल येत नाही, कोलोराडोतून पाइपने कार्बन डायऑक्साइड आणून जमिनीत दाबतात आणि त्याच्या जोरावर उरलेलं तेल वर येतं. १९८० च्या दशकापासून चाललंय. पैसे घ्यायला तयार नाही, शेवटी दोन दशम्या घेतल्या आणि उभ्या उभ्या खाल्ल्या.

(टीप: तेलाच्या भागात "विषारी वायू" पाटी असेल तिथे आत जाऊ नका. मुख्य रस्त्यावरून सगळं दिसतं.)

मुक्काम मिडलंडला. रात्री झोप चटकन लागली.

चौथा दिवस: बिग बेंड

फोर्ट स्टॉकटन, मग मॅरेथॉन, आणि तिथून खाली सत्तर मैल काही नाही. कोरडं, मोकळं, लांबवर डोंगर. आणि रस्त्याच्या कडेला निळी फुलं! बिग बेंड ब्लूबॉनेट, कमरेएवढी, एवढ्या रुक्ष जागी. गाडी दर दोन मैलांवर थांबवायला लागली.

आठ लाख एकरांच्या वरचं हे पार्क व्हावं म्हणून जी कमिटी होती तिचा अध्यक्ष कार्टर. पेपरातून लोकांकडे वर्गणी मागितली, ती पुरली नाही, पण पाठपुरावा सोडला नाही, आणि १९४१ ला विधिमंडळाने जमीन घ्यायला १५ लाख डॉलर दिले. जमिनीची कागदपत्रं घेऊन कार्टर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे गेला ती तारीख ६ जून १९४४. त्याच दिवशी पहाटे फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरल्या होत्या. आणि कार्टरचा मुलगा, अमॉन ज्युनियर, ट्युनिशियात पकडला जाऊन तेव्हा पोलंडमधल्या जर्मन छावणीत कैदी होता. चिसोस डोंगराच्या कट्ट्यावर बसून मी हे भाच्याला सांगितलं. तो काही वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मावशी, असल्या दिवशी पार्कचे कागद कोण घेऊन जातं?" मी म्हटलं, ज्याला घरी बसवत नाही तो. मुलगा पुढे १९४५ मध्ये सुटला आणि बापाला युरोपातच भेटला. पेपर त्यानेच पुढे चालवला.

मला कार्टरबद्दल एक शंका आहे ती पण लिहिते. जो पेपरचा मालक, तोच तेलात भागीदार, तोच राष्ट्राध्यक्षांचा दोस्त, त्याच्या पेपरात या सगळ्यांबद्दल वाकडं कोण छापणार? मी जाहिरात विभागातून हे बघितलंय, मोठ्या जाहिरातदाराची बातमी कशी आतल्या पानावर जाते. कार्टरच्या वेळी वेगळं असेल असं मला वाटत नाही. तरी त्याने जे मागितलं ते स्वतःच्या शहरासाठी आणि वाचकांसाठी मागितलं, हे बिग बेंडला उभं राहिल्यावर नाकारता येत नाही.

रात्री टर्लिंग्वाला राहिलो. तिथली चिली, म्हणजे मांसाचा तिखट रस्सा, खाल्ली, झणझणीत, आपल्या मिसळ खाणाऱ्याला आवडेल अशी. चांदण्यांबद्दल काय लिहू, आकाशगंगा साध्या डोळ्यांनी दिसत होती आणि थंडीने हात खिशातून बाहेर काढवत नव्हते.

पाचवा दिवस: सांता एलेना आणि परत

पहाटेच सांता एलेना कॅन्यनला गेलो. दीड हजार फूट उभे कडे, मधून रिओ ग्रांदे नदी, डावीकडे मेक्सिको. सुरुवातीला टर्लिंग्वा ओढा ओलांडावा लागतो, आम्हाला घोट्याएवढं पाणी होतं, पावसानंतर जाऊ नका. कड्याला हात लावला तर इथेही दगडात शिंपले, फोर्ट वर्थच्या भिंतीतल्यासारखेच.

परतीचा रस्ता फार लांब आहे, भाच्याने आणि मी गाडी आलटून पालटून चालवली. जाणाऱ्यांसाठी शेवटच्या चार गोष्टी: मॅरेथॉनला टाकी फुल करा. माणशी चार लिटर पाणी गाडीत ठेवा. पार्ककडून वर येताना बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते, तिथे पासपोर्ट-व्हिसा विचारतात, तेव्हा तो हाताशी असू द्या, बॅगेच्या तळाला नको. मार्चमध्ये कॉलेजांना सुट्टी असते, खोल्या दोन-तीन महिने आधी बुक करा. आणि डेन्व्हर सिटी कुठल्याच टूरमध्ये नसते, पण लबकहून मिडलंडला जाणार असाल तर वाकडी वाट करून जाच, तेलाचा पैसा कुठून येतो ते तिथे दिसतं.